ई-पुस्तकाचा मजकूर आणि खतावणीची शिस्त



ज्येष्ठ शुद्ध पंचमीला दिगंबर परंपरेत श्रुतपंचमी आणि कार्तिक शुद्ध पंचमीला श्वेतांबर परंपरेत ज्ञानपंचमी साजरी होते. दोन्ही दिवशी भांडारातील पोथ्या बाहेर काढावयाच्या, त्यांवरील धूळ झटकावयाची, वेष्टने बदलावयाची आणि मग पूजन करावयाचे, अशी रीत आहे. एक तिथी पावसाळ्याच्या तोंडावर येते, दुसरी पावसाळा सरल्यावर. दमट हवा आणि कसर यांपासून ग्रंथ जपण्याचा व्यवहारही आपल्या पूर्वजांनी या पूजेत किती सहजपणे गुंफला आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

आजची पोथी मात्र बहुतेक घरांत कपाटात नसून संगणकात असते. आजोबांचे आत्मकथन, पेढीचा तीन पिढ्यांचा इतिहास, आजींनी वहीत उतरवून ठेवलेली स्तवने, सम्मेदशिखर किंवा पालिताण्याच्या यात्रेची टिपणे असा मजकूर कोणीतरी हौसेने वर्डमध्ये टंकून ठेवतो. एखाद्या पुण्यस्मरणाच्या वा पारण्याच्या निमित्ताने त्याच्या काही शे प्रती छापल्या जातात आणि प्रभावना म्हणून वाटल्या जातात. पुढे दहा-बारा वर्षांनी बंगळुरू, लंडन किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालेली नात फोन करून विचारते, “दादाजींचे पुस्तक मिळेल का?” तेव्हा घरात एकच प्रत उरलेली असते. मूळ फाइल डीटीपी करणाऱ्या गृहस्थांकडे होती, त्यांनी तो व्यवसाय सोडलेला असतो, आणि मिळालीच तर ती फाइल उघडल्यावर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन सडा दिसतो. दादाजींनी वर्ष-दीड वर्ष खपून सांगितलेल्या आठवणी अशा रीतीने एका पिढीतच मुक्या होतात.

टंकलिखित मजकुराचे ई-पुस्तक स्वतः तयार करता येते काय, अशी विचारणा या स्तंभाच्या वाचकांकडून वारंवार होते. येते. त्यासाठी मोठ्या तांत्रिक शिक्षणाची गरज नाही. गरज आहे ती आपल्या समाजाला मुळीच नवीन नसलेल्या एका शिस्तीची. तिच्याविषयी पुढे सांगतो.

प्रथम ई-पुस्तक म्हणजे काय ते स्पष्ट करून घेऊ. पीडीएफ म्हणजे ई-पुस्तक नव्हे. पीडीएफ हे छापील पानाचे छायाचित्र समजावे. पानाची लांबी-रुंदी ठरलेली, ओळ कोठे तुटणार हेही ठरलेले. मोबाइलवर अक्षर मोठे केले की अर्धी ओळ पडद्याबाहेर जाते आणि वाचकाला प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आजींनी असे किती वेळ वाचावे? खऱ्या ई-पुस्तकात पान ही वस्तूच नसते. मजकूर पाण्यासारखा असतो. ज्या भांड्यात ओतावा त्याचा आकार घेतो. वाचकाने अक्षर दुप्पट केले की ओळी नव्याने जुळतात, सरकवासरकव करावी लागत नाही. यासाठी जगभर मान्य झालेल्या स्वरूपाला ‘ईपब’ म्हणतात. ईपब ही वास्तविक एक बांधलेली गाठोडी आहे, आणि तिच्या आत वेबपानांसारख्याच लहान लहान फाइली असतात. अॅमेझॉनच्या किंडलचे स्वतःचे वेगळे स्वरूप आहे. परंतु लेखकाने तेथे वर्डची किंवा ईपबची फाइल दिली तरी चालते, रूपांतर ते करतात. २०१६ च्या अखेरीस किंडलवर मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ व मल्याळम या पाच भारतीय भाषांची पुस्तके आली, आणि तेव्हापासून मराठी लेखकाला हे दार उघडे झाले.

पान नाही, हे एकदा मनात ठसले की पुढच्या सर्व नियमांची संगती आपोआप लागते. वर्डमध्ये टंकताना आपण पान नजरेसमोर ठेवून सजावट करतो. नवे प्रकरण नव्या पानावर यावे म्हणून आठ-दहा वेळा एंटर दाबतो. मथळा मधोमध यावा म्हणून स्पेस देत जातो. परिच्छेदाची पहिली ओळ आत घेण्यासाठी टॅब मारतो. कागदावर हे सारे सुबक दिसते. परंतु मोबाइलच्या पडद्यावर दहा एंटर म्हणजे दोन कोरे पडदे, आणि पंचवीस स्पेस दिलेला मथळा म्हणजे तुटून दुसऱ्या ओळीच्या मध्येच लटकणारे दोन शब्द. वाचकास वाटते पुस्तक संपले, किंवा पुस्तकच बिघडले.

आता ती शिस्त. आपल्या पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी असे. रोजकीर्दीत नोंद करताना मुनीमजी रक्कम सुंदर अक्षरात लिहीत की नाही याला फारसे महत्त्व नव्हते; ती कोणत्या खात्याची आहे हे अचूक लिहिणे महत्त्वाचे होते. खाते बरोबर असले की खतावणी, तेरीज आणि ताळेबंद आपोआप जुळत. वर्डमध्ये ‘स्टाइल’ नावाची जी सोय आहे ती नेमकी हीच आहे. प्रत्येक परिच्छेदाला एक खाते नेमून द्यावयाचे: हा प्रकरणाचा मथळा, हा उपमथळा, हा साधा मजकूर, हे पद्य, ही चित्राखालील ओळ. हा मजकूर ‘कसा दिसावा’ हे प्रत्येक ठिकाणी हाताने ठरवायचे नाही. तो ‘काय आहे’ एवढेच सांगायचे, आणि त्या खात्याचे दिसणे एका जागी ठरवून ठेवायचे. ज्यांनी मथळा निवडून त्याला ठळक केले, अठरा आकार दिला आणि मधोमध आणले, त्यांच्या डोळ्यांना तो मथळा दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र तो एक मोठ्या अक्षरांतला साधा परिच्छेद असतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ती रक्कम सस्पेन्स खात्यात पडलेली असते. ई-पुस्तकाची अनुक्रमणिका ज्या खात्यावरून तयार होते तेथे तिची नोंदच नसते.

म्हणून कामाचा आरंभ असा करावा. मूळ फाइल तशीच ठेवून तिची एक प्रत घ्यावी आणि केवळ प्रतीवर काम करावे. मग कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरून ८ चा आकडा दाबावा. पडद्यावर एरवी न दिसणाऱ्या खुणा दिसू लागतात: प्रत्येक एंटरला उलट्या ‘पी’सारखी खूण, प्रत्येक स्पेसला ठिपका, प्रत्येक टॅबला बाण. ज्यांनी पहिल्यांदाच हे पाहिले त्यांना आपल्या हस्तलिखितावर मुंग्यांची रांग चालल्यासारखे वाटते. या मुंग्या एकेक करून वेचण्याची गरज नाही. ‘फाइंड अँड रिप्लेस’च्या खिडकीत ‘मोर’ आणि मग ‘स्पेशल’ असे बटण असते. तेथून पॅराग्राफ मार्क दोनदा शोधून त्याजागी एकदा घालावा. दोन स्पेसच्या जागी एक घालावी. टॅब शोधून त्याजागी काहीही घालू नये. संगणक ‘शून्य बदल’ असे सांगेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. मात्र पद्ये आणि कोष्टके असलेला भाग आधी बाजूला काढून ठेवावा, नाहीतर स्तवनाचे चरण एकमेकांत मिसळण्याचा धोका असतो.

सफाई झाली की खाती लावावीत. प्रकरणाच्या मथळ्यास ‘हेडिंग १’, त्याखालील मथळ्यास ‘हेडिंग २’, उरलेल्या मजकुरास ‘नॉर्मल’. ‘नॉर्मल’च्या परिच्छेद-मांडणीत पहिली ओळ किती आत असावी हे एकदाच ठरवावे. ‘हेडिंग १’च्या मांडणीत ‘पेज ब्रेक बिफोर’ ही खूण करावी. म्हणजे प्रत्येक प्रकरण नव्या पडद्यावर सुरू होते आणि एकही एंटर वाया जात नाही. पृष्ठक्रमांक, पानाच्या वरची व खालची ओळ काढून टाकावी. अनुक्रमणिका हाताने टंकू नये. ‘रेफरन्सेस’मधून स्वयंचलित अनुक्रमणिका घालावी आणि तीत पृष्ठक्रमांक दाखविण्याची खूण काढावी. वाचक प्रकरणाच्या नावावर बोट ठेवतो आणि तेथे पोहोचतो. ‘पृष्ठ ७४ पाहा’ हे वाक्य ई-पुस्तकात निरर्थक आहे. मजकुरात अशी वाक्ये असतील तर ‘अमुक प्रकरण पाहा’ असा बदल करावा. तळटीपा वर्डच्या स्वतःच्या सोयीने घातलेल्या असाव्यात. अनेक जण ताराचिन्ह देऊन पानाच्या तळाशी टीप टंकतात. पानच नसल्याने ती टीप पुस्तकात कोठेतरी मध्येच उगवते.

येथपर्यंतचे सर्व काम इंग्रजी पुस्तकालाही लागू आहे. मराठी मजकुराच्या अडचणी याहून निराळ्या आणि अधिक खोल आहेत, आणि माझ्या मते खरी परीक्षा तेथेच होते.

पहिली अडचण फॉन्टची. ‘युनिकोड’ या संकेतप्रणालीत देवनागरीचा समावेश १९९१ सालीच झाला होता. परंतु आपल्याकडील छपाईचे काम पुढे कितीतरी वर्षे श्री-लिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत चालत राहिले. या फॉन्टांत मराठी अक्षर हे इंग्रजी अक्षराच्या जागी बसविलेले चित्र असते. फॉन्ट आहे तोवर ‘क’ दिसतो. फॉन्ट गेला की खालचे इंग्रजी अक्षर उघडे पडते. आपली फाइल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्याची सोपी परीक्षा अशी: मजकुराचा एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये टाकावा. मराठी मराठीच राहिली तर फाइल युनिकोडमध्ये आहे. इंग्रजी अक्षरे उमटली तर ती आधी परिवर्तकातून काढावी लागेल.

या परिवर्तनाला कमी लेखू नये. मूडबिद्रीला ताडपत्रांवर जुन्या कन्नड लिपीत जपलेला षट्खंडागम आणि त्यावरील आचार्य वीरसेनांची धवला टीका शतकानुशतके केवळ दर्शनाची वस्तू झाली होती. तिचे नागरीत प्रतिलेखन झाले, आणि १९३९ साली प्रा. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली आपल्याच अमरावतीहून पहिला भाग छापला गेला. पुढे एकूण १६ भाग झाले. शब्द तेच राहिले, लिपी बदलली, आणि ग्रंथ वाचणाऱ्यांच्या हाती आला. आपल्या घरातील शंभर पानांच्या आठवणी जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणे हे त्याच जातीचे काम आहे, प्रमाण अर्थातच अत्यंत लहान.

प्रतिलेखनात चुका होतात तशा परिवर्तनातही होतात, आणि त्या ठरावीक जागी होतात. पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते. रफार एक घर सरकतो. जोडाक्षर सुटून पाय मोडलेले दिसते. सर्वांत फसवा आहे तो आपला मराठी ‘ऱ्य’. ‘व्यापाऱ्यांनी’ हा शब्द ‘व्यापार्यांनी’ असा होऊन बसतो आणि सवयीने डोळा त्यावरून पुढे जातो. ‘आचार्यांना वंदन केले’ आणि ‘आचाऱ्यांना बोलावणे पाठविले’ या दोन वाक्यांत किती अंतर आहे हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. परिवर्तक मात्र दोघांनाही एकाच पंगतीत बसवितो. शिवाय हा ‘ऱ्य’ संगणकात दोन निरनिराळ्या प्रकारे नोंदविता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण एका प्रकाराने टंकलेला शब्द दुसऱ्या प्रकाराने शोधला तर सापडत नाही. म्हणून संपूर्ण पुस्तकात ‘ऱ’ला हलन्त देऊन ‘य’ जोडण्याची एकच पद्धत ठेवावी.

विसर्गाचेही तसेच. ‘दुःख’ या शब्दात इंग्रजी कोलन टंकण्याची सवय इतकी रुळली आहे की ती चूक वाटेनाशी झाली आहे. पण संगणकाच्या लेखी मग तेथे एक शब्द राहत नाही. मध्ये विरामचिन्ह पडून त्याचे दोन तुकडे होतात. वाचक शोध घेऊ गेला तर तो सापडत नाही, आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी सोय तेथे अडखळते. गाथांच्या शेवटी येणारे दंड उभ्या इंग्रजी रेघेने न काढता देवनागरीचे एकेरी आणि दुहेरी दंडच वापरावेत.

प्राकृत आणि अर्धमागधी पाठ असलेल्या पुस्तकांत टंकन सुरू करण्यापूर्वी वर्डची आपोआप दुरुस्ती करणारी सोय बंद करावी, हे मी आग्रहाने सांगेन. मोबाइलवर टंकताना तर हा धोका अधिक. ‘णमो’ला ‘नमो’ करणे किंवा ‘अरिहंताणं’च्या अनुस्वारावर हात फिरविणे हे यंत्राला सुधारणा वाटते. मूळ पाठातील एक मात्राही आपण बदलत नाही. मग ती यंत्राला का बदलू द्यावी? असे पाठ स्वतंत्र ‘स्टाइल’मध्ये ठेवावेत, म्हणजे मुद्रितशोधन करताना ते एकत्र तपासता येतात.

चिन्हांविषयीही थोडे. नेहमीचा ॐ देवनागरी फॉन्टांत असतोच. जैन परंपरेतील वेगळ्या वळणाच्या ॐकारालाही २०१५ साली युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले, ही आपल्यासाठी समाधानाची गोष्ट आहे. परंतु पुष्कळशा फॉन्टांत तो अजून कोरलेला नाही, आणि वाचकाच्या पडद्यावर रिकामी चौकट उमटण्याची शक्यता असते. म्हणून हा ॐकार, स्वस्तिक आणि सिद्धशिलेची चंद्रकोर ही चिन्हे अक्षर म्हणून न टंकता लहान चित्रे म्हणून घालणे सुरक्षित. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशीच निवडावी, हिंदी नको. काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे भाषेच्या या नोंदीवरून ठरतात. आणखी एक बारकावा: वर्डमध्ये देवनागरीची गणना ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’मध्ये होते आणि तिचा फॉन्ट व आकार त्याच खिडकीत वेगळ्या रकान्यात ठरवावा लागतो. वरच्या रकान्यात आकार बदलूनही मराठी अक्षर जागचे हलत नाही, याचे कारण हे आहे. तिरक्या अक्षरांचा मोह टाळावा; देवनागरीला तो पेहराव शोभत नाही.

कुटुंबाच्या पुस्तकात हमखास येणारी गोष्ट म्हणजे वंशावळ. ती बहुधा चौकटी आणि रेघा काढून सजविलेली असते, आणि रूपांतरात या चौकटी हमखास विखुरतात. तिचे चित्र करून घालता येईल, पण मोबाइलवर सहा पिढ्यांची नावे मुंगीएवढी होतात. मला विचाराल तर वंशावळ शब्दांत लिहावी: पहिली पिढी, दुसरी पिढी असे उपमथळे आणि त्याखाली नावे. त्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकींची नावे घालण्यास जागाही मिळते. चौकटींच्या वंशावळीत ती बहुधा गाळलेली असतात.

जुन्या चोपडीतील पान, मोडीतील पत्र, दुकानाचे छायाचित्र ही चित्रे ‘इन्सर्ट’मधून घालावीत, नुसती चिकटवू नयेत, आणि ती ओळीतच राहतील अशी मांडणी ठेवावी. मजकुराच्या कडेने वाहणारी चित्रे येथे टिकत नाहीत. रुंद कोष्टकेही नकोत. १९५० सालच्या धान्याच्या भावांचे नऊ रकान्यांचे कोष्टक मोबाइलवर कोणी वाचणार नाही. त्यातील महत्त्वाचे चार आकडे वाक्यांत सांगावेत. स्तवनाचे प्रत्येक कडवे एक परिच्छेद मानावे आणि चरणांच्या शेवटी शिफ्टसह एंटर द्यावा. लांब चरण लहान पडद्यावर तुटणारच. दुसरी ओळ किंचित आत सरकेल अशी ‘हँगिंग’ मांडणी केली की चरण एकच आहे हे गाणाऱ्याला कळते.

कधी कधी फाइल इतक्या हातांतून गेलेली असते की सफाई अशक्य वाटते. स्मॅशवर्ड्स या संस्थेचे संस्थापक मार्क कोकर यांनी लेखकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत अशा वेळी एक जालीम उपाय सांगितला आहे: सारा मजकूर नोटपॅडमध्ये नेऊन पुन्हा कोऱ्या वर्ड फाइलमध्ये आणावा. सर्व सजावट गळून पडते, केवळ शब्द उरतात. परंतु त्याबरोबर तळटीपा आणि ठळक शब्दही जातात हे लक्षात ठेवावे. जुन्या फॉन्टातील फाइलवर हा उपाय परिवर्तनाआधी करू नये.

फाइल तयार झाली की किंडल प्रिव्ह्यूअर या विनामूल्य साधनात ती फोन, टॅब्लेट आणि वाचनयंत्र अशा तिन्ही रूपांत पाहता येते. तपासताना अक्षराचा आकार सर्वांत मोठा करून संपूर्ण पुस्तक एकदा वाचावे. घरातील ज्येष्ठ व्यक्ती ज्या आकारात वाचणार आहे, त्याच आकारात. सर्व दोष तेथे उघडे पडतात. शेवटी प्रत्यक्ष फोन आजींच्या हाती द्यावा आणि त्या कोठे थांबतात ते पाहावे.

व्यवहाराच्या बाजूविषयी मोजकेच सांगतो. किंडलवर पुस्तक प्रकाशित करण्यास शुल्क नाही. त्यामुळे ‘अमुक हजारांत तुमचे पुस्तक जगभर’ असे सांगणाऱ्यांना टंकन वा मुद्रितशोधनाचे पैसे अवश्य द्यावेत, पण खाते लेखकाच्या स्वतःच्या नावे, स्वतःच्या पॅनवर आणि स्वतःच्या बँक खात्याशी जोडूनच उघडावे. पासवर्ड कोणाच्याही हाती देऊ नये. नवख्या लेखकाच्या पुस्तकाचे खाते मध्यस्थाच्या नावावर निघाले आणि मानधन त्याच्याकडे जमा होत राहिले, असे प्रकार घडू शकतात. मानधनाचे ३५ आणि ७० टक्के असे दोन दर आहेत. भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ‘केडीपी सिलेक्ट’मध्ये नाव नोंदवावे लागते, आणि त्याची अट अशी की ९० दिवस ते पुस्तक डिजिटल रूपात अन्य कोठेही उपलब्ध असता कामा नये. समाजाच्या संकेतस्थळावरही नाही, नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटातही नाही. मुदत संपल्यावर नोंदणी आपोआप पुढे चालू राहते. छापील प्रतीला ही अट लागू नाही. चित्रे फार जड असतील तर ७० टक्क्यांच्या दरात फाइलच्या आकारानुसार पोचविण्याचा खर्चही वजा होतो. अमेरिकेतील विक्रीवर तेथील करकपात होते. करविषयक प्रश्नावली पॅन देऊन नीट भरली तर भारत-अमेरिका करारानुसार ती ३० ऐवजी १५ टक्के होते.

ज्यांना विक्री नकोच, केवळ ज्ञानदान करावयाचे आहे, त्यांनी या अटींत अडकूच नये. लिबरऑफिस किंवा गूगल डॉक्समधून थेट ईपब फाइल काढता येते. ती आप्तांना पाठवावी, ट्रस्टच्या संकेतस्थळावर ठेवावी. आयएसबीएन हवा असेल तर भारतात तो राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. किंडलसाठी तो आवश्यक नाही. मुखपृष्ठाचे चित्र २५६० बाय १६०० बिंदूंचे, उभे असावे, आणि पुस्तकाचे नाव अंगठ्याच्या नखाएवढ्या आकारातही वाचता आले पाहिजे.

दुसऱ्यांचे लेखन वापरताना परवानगी घ्यावी. प्राचीन स्तोत्रे सर्वांची आहेत. परंतु त्यांचा आधुनिक अनुवाद किंवा विवेचन यांवर लेखकाच्या हयातीत आणि पश्चात ६० वर्षे हक्क असतो. आचार्यश्रींची प्रवचने संकलित करताना तर संबंधित संघाची लेखी अनुमती हवीच.

सर्वच पुस्तके ई-पुस्तके व्हावीत असे माझे मत नाही. पंचांग, रंगीत तीर्थदर्शन, भरगच्च कोष्टकांचे ग्रंथ कागदावरच शोभतात. आपले साधु-साध्वीवृंद परंपरेने विद्युत उपकरणे वापरत नाहीत. त्यांच्या स्वाध्यायासाठी छापील प्रत लागतेच. छपाईच्या प्रती मग गरजेपुरत्या काढाव्यात. उपाश्रयाच्या आणि मंदिराच्या कपाटांत न उघडलेल्या गठ्ठ्यांना वाळवी लागलेली पाहणे आणि त्यांचे विसर्जन कसे करावे याची चिंता करणे, हा अनुभव कोणत्याही विश्वस्ताला नवा नाही.

पुस्तक प्रकाशित झाल्यावर तीन गोष्टी एकत्र ठेवाव्यात: दुरुस्त केलेली वर्ड फाइल, ईपब फाइल आणि एक छापील प्रत. फाइलच्या नावात वर्ष घालावे. त्यांची एक प्रत घरातील संगणकावर, एक बाहेरच्या साठवणयंत्रावर आणि एक घराबाहेर राहणाऱ्या मुलाकडे वा लेकीकडे असावी. वर्षातून एकदा, श्रुतपंचमीला म्हणा वा ज्ञानपंचमीला, ती उघडून पाहावी. आणि ठेवी, विमा, लॉकर यांची जी यादी आपण वारसांसाठी करून ठेवतो, तीत या प्रकाशन-खात्याची एक ओळ लिहावी: खाते कोणाच्या नावे, कोणत्या ई-मेलवर, मानधन कोणत्या बँकेत जमा होते.

पुढील अंकात नामनिर्देशन आणि वारसा यांतील फरकाविषयी.